नाव खाली लिहिताना हात का थांबतो? (कामात पुढे, लोकांसमोर मागे)

चिरेबंदी

नमस्कार. गेली चार वर्षे मी या मंचावर केवळ वाचते आहे. आज प्रथमच स्वतःहून धागा काढत आहे, आणि विषय पाहता यातला विनोद माझ्याही लक्षात आला आहे.

मी स्थापत्य अभियंता असून जुन्या घरांची दुरुस्तीपूर्व पाहणी हे माझे मुख्य काम आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, लाकडी वासे आणि मंगळुरी कौले असलेली जुनी घरे गोव्यात अजूनही राहती आहेत. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या घरांत ओल कुठून शिरते, तुळईत वाळवी कुठवर पोहोचली आहे, कोणत्या भिंतीला फुगवटा आला आहे, हे पाहून मी अहवाल लिहिते. नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केले त्याला सहा वर्षे झाली. काम तीन-चार कंत्राटदारांमार्फत येते. माझी पाटी नाही, संकेतस्थळ नाही, छापील कार्डे आहेत, पण ती दोनशेच्या दोनशे कपाटात आहेत.

आता मूळ गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातील एका घराचा अहवाल मी दिला होता. चिरा सच्छिद्र असतो आणि जुन्या भिंतींत दगडांमधले सांधे मातीचे किंवा चुन्याचे असतात. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा केला तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, म्हणून गिलावा चुन्याचाच करावा, असे मी चौथ्या पानावर लिहिले होते. कंत्राटदाराने अहवालाची पहिली तीन पाने स्वतःच्या नावाच्या कागदावर उतरवून घरमालकांना दिली. चौथे पान गळले. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो आणि गवंडीही चटकन मिळत नाहीत, हे कारण मला नंतर कळले. काम सुरू असताना मी एकदा तिथे गेले होते. पडवीत उभी राहून सिमेंटच्या गोणी उतरताना मी पाहिल्या. घरमालकांच्या आई शेजारीच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना मी कोण हे माहीत नव्हते आणि मीही सांगितले नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला.

पुढील महिन्यात पणजीत पावसाळ्यापूर्वीच्या घरदुरुस्तीवर एक छोटी सभा आहे. तिथे वीस मिनिटे बोलाल का, असे आयोजकांनी विचारले आहे. अशी निमंत्रणे मी यापूर्वी तीनदा नाकारली. एकदा ताप आल्याचे सांगितले, एकदा नात्यातील बारशाचे निमित्त केले, तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही. विषय मला येतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु फलकावर माझे छायाचित्र आणि खाली नाव, ही कल्पना डोळ्यांसमोर आली की पोटात खड्डा पडतो. अनोळखी माणसांची भीती मला फारशी वाटत नाही. त्या सभागृहातील चाळीस जणांपैकी पंधरा तरी मला, माझ्या वडिलांना किंवा माझ्या सासरच्या मंडळींना ओळखत असतील, त्यांची वाटते.

ज्यांनी या भीतीतून वाट काढली आहे, त्यांनी नेमके काय केले ते सविस्तर लिहावे. 'आत्मविश्वास बाळगा' एवढाच सल्ला कृपया देऊ नये.

मांडवीकाठ

ताई, प्रथम अभिनंदन. एवढा मजकूर आपण चारचौघांत मांडला आहे, त्यामुळे निम्मी नाही तरी चवथाई वाट सरलीच.

मी महाविद्यालयात तीस वर्षे शिकवले. पहिली दोन वर्षे वर्गात शिरताना माझे पाय कापत असत आणि ते मुलांना दिसते, अशी माझी खात्री होती. पुढे मानसशास्त्र विभागातील एका सहकाऱ्याने मला एका प्रयोगाबद्दल सांगितले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. खोलीतील साधारण निम्म्या लोकांच्या तो चेहरा लक्षात आला असेल, असा टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सुमारे चवथाई लोकांच्याच लक्षात आला होता. हा शोधनिबंध 2000 साली प्रसिद्ध झाला. आपल्यावर प्रकाशझोत आहे असे आपल्याला वाटते, तेवढा तो नसतो.

याच संशोधकांपैकी दोघांनी 2003 साली भाषणाच्या भीतीवर काम केले. आपली आतली धडधड श्रोत्यांना आरपार दिसते, असे वक्त्याला वाटते. ती तेवढी दिसत नाही, एवढेच ज्या वक्त्यांना आधी समजावून सांगितले, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. मला या गोष्टीचा खरोखर उपयोग झाला. वर्गात शिरण्यापूर्वी मी स्वतःला 'घाबरू नकोस' असे सांगणे बंद केले आणि 'घाबर, पण ते यांना कळत नाही' असे सांगू लागलो.

वेगवान

मी पर्वरीत राहून पुण्याच्या एका कंपनीसाठी संगणकावर काम करतो. माझे मत थोडे स्पष्ट आहे, राग नसावा. आजच्या काळात जो दिसत नाही तो नसतोच. लिंक्डइनवर खाते उघडा, रोज एक छायाचित्र आणि चार ओळी टाका. तीस दिवस नेमाने करा, भीती आपोआप जाईल. मी हे केले आहे. पहिल्या आठवड्यात लाज वाटली, नंतर सवय झाली.

काळा कोट

वेगवान यांच्या सूचनेत नियमितपणाचा भाग चांगला आहे. पण सर्वच व्यवसायांना ती लागू पडत नाही, हे नोंदवून ठेवतो.

मी मडगावात वकिली करतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील नियम 36 आम्हाला जाहिरात करण्यास आणि पक्षकार ओढण्यास मनाई करतो. पाटी किती मोठी असावी आणि तिच्यावर काय लिहू नये, इथपर्यंत त्यात उल्लेख आहे. 2008 साली त्यात दुरुस्ती होऊन नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा मिळाली. सनदी लेखापालांनाही 1949 च्या त्यांच्या कायद्याने असेच निर्बंध घातलेले आहेत, आणि डॉक्टरांसाठी 2002 ची आचारसंहिता आहे. प्रत्येकाने आपापल्या व्यवसायाचे सध्या लागू असलेले नियम स्वतः वाचून घ्यावेत.

आता कबुली. हा नियम 36 मी बारा वर्षे ढालीसारखा वापरला. कोणी शाळेत मुलांना ग्राहक कायद्याबद्दल सांगायला बोलावले, कोणी ग्रामसभेपूर्वी वारसा आणि विभागणी समजावून सांगा म्हणाले, की मी गंभीर चेहऱ्याने म्हणत असे, "आम्हाला परवानगी नसते हो." वास्तविक लोकांना कायदा समजावून सांगू नका, असे तो नियम कुठेही म्हणत नाही, आपण लढवत असलेल्या खटल्यांचा डांगोरा पिटू नका, असे म्हणतो. माझ्या एका ज्येष्ठांनी एकदा मला बार रूममध्ये सर्वांसमोर विचारले, "नियम वाचला आहेस, की नुसता पांघरला आहेस?" त्या दिवशी घरी जाऊन मी तो प्रथमच पूर्ण वाचला.

चिरेबंदी ताई, आपल्या बाबतीत मला वेगळाच मुद्दा दिसतो. कागदाखाली सही कशासाठी असते? कौतुकासाठी नव्हे. उद्या काही चुकले तर कोणाला विचारायचे, हे ठरावे म्हणून असते. त्या चौथ्या पानावर आपले नाव आणि क्रमांक असता, तर ते पान गाळण्याची हिंमत झाली नसती. झाली असती तरी घरमालकांनी आपल्याला फोन केला असता. तेव्हा आपली भीती दिसण्याची आहे, की चुकलो तर आपल्या नावावर चुकू याची आहे, हे एकदा तपासून पाहावे. वकिलांमध्ये ही दुसरी भीती फार असते, म्हणून विचारतो.

चिरेबंदी

काळा कोट, आपला शेवटचा प्रश्न वाचून मी संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे पुसले. उत्तर आपल्याला माहीत असावे.

लहानपणी आमच्या घरात 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे वाक्य रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा उच्चारले जाई. मूठ उघडली नाही तर आत काही नसले तरी चालते. आणि मला वाटते, मी इतकी वर्षे तेच करते आहे. अहवालात काही चुकले तर ते कंत्राटदाराचे, बरोबर आले तरी त्याचेच.

अंत्रुजकर

थोडे लांबण लावतो, कारण या विषयात माझी एक जुनी ठसठस आहे.

आमच्या फोंडा तालुक्यात जत्रेला नाटक झाल्याशिवाय जत्रा झाली असे कोणी मानत नाही. मी एका बँकेत नोकरीला आहे आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून देवळासमोरच्या रंगमंचावर काम करतो. राजा झालो आहे, कपटी मामा झालो आहे, एकदा नटसंचात ऐनवेळी गळती झाली म्हणून पदर घेऊन सासूही झालो आहे. समोर हजारभर माणूस चादरी पसरून बसलेला असतो, त्यात निम्मे सोयरे आणि उरलेले शेजारी. तिथे मला कधी भीती वाटली नाही.

आणि हाच मी, विभागीय बैठकीत आमच्या शाखेच्या कर्जवसुलीचा तीन मिनिटांचा आढावा मांडायचा म्हटला की कागद सहकाऱ्याच्या हातात देऊन पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडझाक करीत बसायचो. आकडे माझे, तक्ता माझा, बोलणारा तो. सलग दोन वर्षे बढतीच्या मुलाखतीत मला विचारले गेले, "तुम्ही नेमके काय केले?" आणि मी म्हणालो, "आम्ही सर्वांनी मिळून केले." खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

यावर मी पुष्कळ विचार केला. रंगमंचावर मी दुसऱ्याचे नाव लावून उभा असतो. राजा पडला तर राजा पडतो. शिवाय पुढचे वाक्य कोणते हे ठरलेले असते आणि विंगेत प्रॉम्प्टर असतो. बैठकीत नाव माझे, वाक्य माझे, आणि विंगेत कोणी नाही. म्हणजे मला हजार माणसांची भीती नव्हती. बिनसोंगाचे उभे राहण्याची होती.

मग मी नाटकातलीच एक रीत बैठकीला लावली. आमच्याकडे तालमी महिना-दोन महिने चालतात, आणि पहिल्या आठवड्यात कोणी उभाच राहत नाही. सगळे गोल बसून नुसते वाचतात. त्याला वाचन म्हणतात. मी तीन मिनिटांचा आढावा आधी घरी बसून मोठ्याने वाचला. नंतर उभे राहून वाचला. नंतर बायकोला ऐकवला; तिने 'एनपीए' (थकीत कर्ज) म्हणजे काय हे विचारले आणि माझ्या लक्षात आले की ते मी कधी सोप्या शब्दांत सांगितलेच नव्हते. नंतर शाखेतल्या दोघांसमोर मांडला. आणि पहिले वाक्य, फक्त पहिलेच, तोंडपाठ केले: "हा तक्ता मी तयार केला आहे, त्यामुळे प्रश्न मला विचारावेत." हे वाक्य बोलताना पहिल्या वेळी माझा आवाज चिरकला. कोणीही हसले नाही. विभागीय अधिकाऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, एवढेच. दुसऱ्या वेळी त्यांनी माझे नाव घेऊन प्रश्न विचारला.

सगळा मजकूर पाठ करू नये, असे मी अनुभवाने सांगतो. पाठ केलेले विसरले की माणूस प्रॉम्प्टरकडे बघतो, आणि तिथे भिंत असते.

निशिगंध

मी आकाशवाणीवर काही वर्षे नैमित्तिक उद्घोषक होते. एक लहानशी माहिती. ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज बहुतेकांना परका आणि पातळ वाटतो. स्वतः बोलताना आपण तो हवेतून ऐकतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला भरीव वाटतो. मुद्रणात ती हाडांची भर नसते. इतरांना आपला आवाज नेहमीच त्या 'पातळ' स्वरूपात ऐकू येत असतो आणि त्यांची काही तक्रार नसते. सरावासाठी भाषण मुद्रित करून ऐकणार असाल, तर पहिल्या ऐकण्यात काहीही निष्कर्ष काढू नका. चौथ्यांदा ऐका, मग चुका दिसतील. त्याआधी नुसती लाज दिसते.

सायली_डिचोली

वेगवान यांच्या 'रोज छायाचित्र टाका' या सल्ल्यावर मला गंभीर आक्षेप आहे, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करते.

मी भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) आहे. गुडघ्याच्या व्यायामाच्या तीन छोट्या चित्रफिती मी समाजमाध्यमावर टाकल्या होत्या. उपयोगी प्रश्न आले, तसेच माझ्या अंगाविषयीही अभिप्राय आले. एकाने दवाखान्याच्या क्रमांकावर रात्री अकरा वाजता संदेश पाठवण्यास सुरुवात केली. तेव्हा 'भीती मनात असते, बाहेर काही नसते' असे जे सांगितले जाते, ते स्त्रियांच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. मी तो क्रमांक रोखला, संदेशांची चित्रे जपून ठेवली, खासगी आणि दवाखान्याचा क्रमांक वेगळा केला, अभिप्राय तपासल्याशिवाय दिसणार नाहीत अशी सोय केली. आता चित्रफितींत माझ्याऐवजी गुडघ्याचा सांगाडा आणि माझा आवाज असतो. नाव मात्र पूर्ण असते. समोर यायचे ते किती आणि कुठल्या दाराने, हे आपण ठरवावे.

गायिका केसरबाई केरकर आपल्याच गोव्याच्या, केरी गावच्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या अतिशय चोखंदळ होत्या आणि त्यांची मुद्रणे मोजकीच आहेत. त्याला कोणी भित्रेपणा म्हणेल का? मैफिलीत त्या समोर बसून, स्वतःच्या अटींवर गात. त्याच मोजक्या मुद्रणांपैकी एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्ण तबकडीत गेली. कमी दिसणे आणि लपणे यांत फरक आहे.

वेगवान

सायली ताई, आक्षेप मान्य. मी हा विचार केला नव्हता, कारण मला तसे संदेश कधी आले नाहीत. 'रोज छायाचित्र' हे शब्द मागे घेतो.

तरी एक विचारू का? चिरेबंदी ताईंच्या अडचणीत मला थोडा 'नम्रपणाचा' अभिमानही दिसतो. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' असे आपण इतरांना म्हणतो, तेव्हा आपण खोल आहोत हेच सांगत असतो ना?

मांडवीकाठ

वेगवान, हे चांगले लागले. थोडे मलाही.

यावर एक भर घालतो. वास्कोच्या भजनी सप्ताहात रात्रभर जे अभंग गायले जातात, त्यांचा शेवट आठवून पाहा. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. अहंकार सोडा असे सांगणारी ही मंडळी प्रत्येक रचनेच्या शेवटी स्वतःचे नाव घालतात. जनाबाई तर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात, पण म्हणतानाही 'जनी' हे नाव गाळत नाहीत. नाममुद्रेने रचना कोणाची हे कळते आणि सांगितलेल्या गोष्टीमागे कोण उभे आहे तेही कळते. आपल्या परंपरेत नाव लिहिणे हा गर्व मानला आहे, असे निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये.

मनोवेध

मी समुपदेशक आहे. येथे निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही. काही सर्वसाधारण गोष्टी लिहिते.

चिरेबंदी ताईंच्या पहिल्या लेखनातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ 'तापाचे निमित्त' ही आहे. निमंत्रण नाकारताच पोटातला खड्डा भरतो. ती सुटका फार गोड असते, आणि त्या गोडीमुळेच पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते, कारण 'गेलो असतो तर काय झाले असते' हे मनाला कधी कळलेच नाही. अंत्रुजकर यांनी जे केले, त्याला आमच्या क्षेत्रात पायरीपायरीने सामोरे जाणे म्हणतात. पायरी इतकी लहान असावी की भीती वाटेल, पण पळून जावेसे वाटणार नाही, आणि त्या पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबावे. एकदा करून सुटलो, असे नको. तीच पायरी पुन्हा पुन्हा.

आणखी एक. बाटलीचे झाकण उघडझाक करणे, कागदातून मान वर न काढणे, भरभर बोलून संपवणे, या सगळ्या सुरक्षिततेच्या काठ्या असतात. त्या हातात असल्या की काम पार पडले तरी श्रेय काठीला जाते. एकेक करून सोडाव्यात.

'आपण या जागी फसवून आलो आहोत आणि कधीतरी उघडे पडू' ही भावनाही येथे डोकावते आहे. पॉलीन क्लॅन्स आणि सुझन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली तिचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्यासमोर आपापल्या क्षेत्रांत उत्तम यश मिळवलेल्या स्त्रिया होत्या. हा आजार नाही. मात्र या भीतीमुळे नोकरी सोडावीशी वाटणे, आठवडे झोप न लागणे, भाषणापूर्वी मद्याचा आधार घेणे, असे होत असेल तर तज्ज्ञांकडे जावे. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक विनामूल्य आहे. भाषणापूर्वी छातीची धडधड कमी करणारी गोळी कोणा मित्राने सुचवली म्हणून घेऊ नये. तशी औषधे डॉक्टर देतात, पण दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकतात.

काळा कोट

मनोवेध यांनी 'काठ्या' हा शब्द वापरला आणि मला माझे चष्म्याचे घर आठवले. न्यायालयात युक्तिवाद करताना ते डाव्या हातात नसेल तर मला शब्द सापडत नाहीत, असा माझा समज आहे. उद्या ते कारमध्ये ठेवून जाईन. पुढचा आठवडा पक्षकारांच्या दृष्टीने कठीण आहे.

चिरेबंदी

सर्वांना उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, क्षमस्व. मधल्या काळात जे झाले ते क्रमाने लिहिते.

आयोजकांना होकार कळवला. फलकावर छायाचित्र नको, पूर्ण नाव आणि 'स्थापत्य अभियंता' एवढेच असावे, अशी अट घातली. ती त्यांनी सहज मान्य केली. ही अट घालता येते हे मला सायली ताईंचे वाचेपर्यंत सुचले नव्हते. त्यानंतर पहिली पायरी म्हणून अहवालाचा नमुना बदलला. आता प्रत्येक पानाच्या तळाशी माझे नाव, क्रमांक आणि 'एकूण पाने 6, पैकी पान 4' असे छापलेले असते. आणि अहवालाची एक प्रत थेट घरमालकाला जाते. एका कंत्राटदाराला हे आवडले नाही आणि त्याच्याकडून येणारे काम थांबले आहे. हे नुकसान खरे आहे आणि या महिन्यात ते जाणवले. इतर दोघांनी काही विचारले नाही.

भाषण मी अंत्रुजकर यांच्या रीतीने आधी बसून वाचले, मग उभ्याने. तिसऱ्यांदा सासऱ्यांना ऐकवले, कारण मनातली सर्वांत मोठी धास्ती त्यांचीच होती. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आपल्या न्हाणीची भिंत पण पाहा गो एकदा." एवढेच.

सभेच्या दिवशी पणजीला कदंबच्या बसने गेले. गाडी चालवताना हात थरथरतील अशी शंका होती. पाटोच्या बसस्थानकावर उतरल्यावर परत जाणारी बस समोरच उभी होती आणि ती सुटेपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिले, हे लिहायला हरकत नाही. सभागृहात माणसे पस्तीसच्या आसपास होती. अंदाजाप्रमाणे ओळखीचे निघाले, पण पंधरा नव्हे, सहा. पहिले वाक्य पाठ होते. दुसरे विसरले. मग मी खिशातून चिऱ्याचा तुकडा काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर चमचाभर पाणी ओतले. पाणी दगडात शिरताना सर्वांनी पाहिले. त्यानंतरची मिनिटे कशी गेली ते मला नीटसे आठवत नाही. एवढे आठवते की चुन्याच्या गिलाव्यावर आले तेव्हा मी त्या चौथ्या पानाची हकिगत सांगितली. कंत्राटदाराचे नाव घेतले नाही. मी पडवीत उभी होते आणि गप्प राहिले, हे मात्र सांगितले.

प्रश्नांच्या वेळी एका गृहस्थांनी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने चुन्यावर काय परिणाम होतो, असे विचारले. मला पूर्ण उत्तर येत नव्हते. "घर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही" असे मी म्हणाले, आणि ज्या क्षणाची मला इतकी वर्षे भीती वाटत होती तो क्षण एवढाच होता. त्यांनी मान डोलावली आणि खाली बसले.

चहाच्या वेळी एक वयस्कर बाई वही घेऊन आल्या. त्यांचे माहेरचे घर पेडण्याला बंद पडले आहे. "तू कोणाची गो?" असे त्यांनी विचारले, आणि सवयीने मी वडिलांचे नाव सांगितले, गाव सांगितले. त्यांनी वहीत ते लिहून घेतले: अमक्यांची मुलगी, त्यांना विचारणे. मी कप खाली ठेवला. म्हटले, "आजी, ते खोडा. वडिलांना यातले काही कळत नाही." मग मी माझे नाव सांगितले. त्यांनी आडनावात एक अक्षर चुकवले, तेही दुरुस्त करून घेतले, आणि खाली क्रमांक मी स्वतःच्या हाताने लिहिला.

अंत्रुजकर

चिऱ्याचा तुकडा आणि पाणी! ताई, आमच्या पुढच्या जत्रेच्या नाटकाला दिग्दर्शक हवा आहे.

चिरेबंदी

ते जमणार नाही. पण देवळाच्या सभामंडपाच्या उत्तरेकडच्या भिंतीला खालून ओल आहे, गेल्या जत्रेत नाटक पाहताना मी तिलाच टेकून बसले होते. समितीला माझा क्रमांक द्यावा.